दाजीच्या चाकाला

बारक्याने दाजीला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तो अजून कुणाचाच दाजी नव्हता. सायकल क्लबातला एक उंच, हाडकुळा पोरगा होता. पंक्चर झालेली सायकल खांद्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल, अशा अवतारात तो दारात उभा राहिला. बारक्याच्या आईने त्याला आधी पायपुसण्यावर थांबवलं, मग न्हाणीघरात पिटाळलं आणि मग जेवायला वाढलं. तो एकटा तिघांचं जेवला. बारक्याची थोरली बहीण, ताई, त्या जेवणाकडे अशा काही कौतुकाने बघत होती की बारक्याला तिथेच शंका यायला हवी होती. पण त्याचं सगळं लक्ष त्या पोराच्या सायकलीच्या गिअरकडे होतं.

लग्न झालं त्या दिवशी आईने बारक्याला कोपऱ्यात घेतलं.

"आजपासून अरे-तुरे बंद. घरचे जावई आहेत ते."

"अगं आई, कालपर्यंत एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होतो आम्ही."

"काल काय घालायचं ते घातलंत. आजपासून दाजी म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं."

बारक्या म्हणायला लागला. तोवर दोघंही एकाच व्यावसायिक टीममध्ये लागले होते. सराव करताना बारक्या ओरडायचा, "दाजी, खड्डा बघा," "दाजी, बाटली घ्या," ते ऐकून अख्खी टीम त्याला दाजी म्हणू लागली. सायकली दुरुस्त करणारा मिस्त्री बापाच्या वयाचा होता, तोही दाजीच म्हणायचा.

पहिलं वर्षभर दोघं बरोबरीने होते. मग दाजीने घाटातली एक मोठी शर्यत मारली आणि टीम त्याची झाली. टीम त्याची झाली म्हणजे बाकीचे सगळे त्याच्यासाठी राबू लागले. रस्त्यावरच्या शर्यतीत खरा वैरी वारा असतो. जो पुढे असतो तो वारा कापतो, आणि जो त्याच्या मागच्या चाकाला चिकटून असतो त्याचे पाय निम्मे वाचतात. बारक्याचं काम पुढे राहायचं. तासन्‌तास डोकं खाली घालून वारा खायचा. टीमच्या गाडीपाशी मागे जाऊन बाटल्या घ्यायच्या, जर्सीत पुढे-मागे कोंबायच्या आणि पोटुशी बाई चढ चढावी तसं घोळक्यातून वाट काढत दाजीपर्यंत यायचं. दाजीचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं आणि दुसरं येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. शेवटच्या चढावर अंगातलं सगळं संपलं की बाजूला व्हायचं. मग मागून एक आवाज यायचा. जोर लावायच्या आधी दाजी एकदा जोरात नाक ओढायचा, सर्दी झाल्यासारखं. तो आवाज आला की बारक्या समजायचा, आपलं काम झालं. दाजी सुटायचा आणि बारक्या मागून रांगत रांगत पोचायचा.

त्याला याचं वाईट वाटत नव्हतं. उलट तो मिरवायचा.

"तू कधी रे पहिला येणार?" आई विचारायची.

"माझं काम पहिला आणायचं आहे. यायचं नाही."

आईला ते पटायचं नाही. पण जिंकणारा जावई होता, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

आणि मग ती आठवडाभराची शर्यत आली, रोज एक टप्पा आणि शेवटी सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज. शेवटच्या टप्प्याआधीच दाजीची एकूण आघाडी इतकी होती की सायकलवरून पडला नसता तर स्पर्धा त्याचीच होती. शेवटच्या घाटावर एकेक जण गळत गेला आणि माथ्यावर दोघंच उरले, दाजी आणि बारक्या. उताराला लागताना दाजी शेजारी आला आणि त्याने बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजचा तुझा."

"काय?"

"आजचा टप्पा तुझा. मला काय करायचाय? इतकी वर्षं राबलास. जा, आईला फोटो दाखव."

अशी रीत असते. ज्याची स्पर्धा झालीच आहे तो आपल्या माणसाला एखादा टप्पा देऊन टाकतो. मागच्या गाडीतून मॅनेजरही कानातल्या वायरलेसवर म्हणाला, "ठीक आहे, हरकत नाही." बारक्याला हुंदका आला. उतार संपल्यावर पुढचं सपाट खोरं त्याने एकट्याने ओढलं. दाजी मागे बसून होता. नेत्याला कशाला वारा लागू द्यायचा, हे बारक्याच्या हाडात मुरलेलं होतं. आज आपण कुणासाठी राबतोय हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नाही.

गावातला शेवटचा रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे होते आणि लोक त्यांवर हातांनी बडवत होते. शर्यत संपायची रेषा समोर दिसली. बारक्या सरळ बसला. कपड्यावरचं जाहिरातदाराचं नाव फोटोत दिसावं म्हणून त्याने जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढली. दोन्ही हात हँडलवरून उचलले. आणि मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

दाजी उजवीकडून अर्ध्या चाकाने पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्या पेपरांत होता. दाजीचे दोन्ही हात आभाळात, आणि शेजारी बारक्या. त्याचे हात अर्धवट वर, तोंड उघडं, रस्त्यात कुणी सुरा दाखवून अडवल्यासारखा.

टीमच्या बसमध्ये दाजी मोजे काढत बसला होता.

"हे काय केलंत तुम्ही?" बारक्याने विचारलं.

"अरे, सवय. रेषा दिसली की पाय थांबत नाहीत."

"पाय तुमचेच आहेत ना?"

"बारक्या, तमाशा नको. एक टप्पा होता."

"माझा होता."

मॅनेजर पुढच्या सीटवरून वळला. "टीम एकच आहे ना? मग? आणि रेषेच्या आधी हात सोडतं का कुणी? शाळेतली पोरंसुद्धा एवढी येडी नसतात." सगळे हसले. दाजीही हसला.

"हरामखोर आहेस तू," बारक्या म्हणाला.

हसणं थांबलं. शिवी बसमध्ये रोजची होती, तिचं कुणाला काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने दाजीला तू म्हटलं होतं. दाजीने मोज्याची घडी केली, पिशवीत टाकली आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

हंगाम संपल्यावर बारक्या सायकल घ्यायला टीमच्या वर्कशॉपमध्ये गेला. भिंतीवर प्रत्येकाच्या सायकलीसाठी हूक होता आणि हुकावर नावाची पट्टी. त्याच्या हुकावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. मिस्त्री चाकाच्या तारा आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"दाजी बोलले नाहीत तुला?"

"काय बोलायचं होतं?"

"पुढच्या वर्षी तुला घेतलेलं नाही. मॅनेजर सांगणार होते, तर दाजीच म्हणाले, घरचा माणूस आहे, मी सांगतो." मिस्त्रीने चाक फिरवून बघितलं. "सायकल टीमची आहे बाबा. ती ठेवून जावी लागेल."

बारक्या तिथून थेट बहिणीच्या घरी गेला. ताई ओट्यापाशी भाजी चिरत होती. आतल्या खोलीतून घरघर येत होती. दाजी सरावाच्या रोलरवर, जागच्या जागी, सायकल चालवत होता.

"तुला माहीत होतं?" बारक्याने विचारलं.

ताईची सुरी थांबली. "बस आधी."

"माहीत होतं का?"

"होतं."

"कधीपासून?"

"तू मागे जेवायला आलास ना, तेव्हाच सांगणार होतो. पण तू इतका खुशीत होतास..."

"मला जेवू घातलंत? हे पोटात ठेवून?"

तो आत गेला. कपडे वाळत घातलेल्या स्टँडशेजारी दाजी घामाने निथळत पायडल मारत होता. बारक्याला बघूनही तो थांबला नाही.

"ओरडायचं असेल तर ओरडून घे," तो धापा टाकत म्हणाला. "जो माझ्यावर दात खातोय त्याला मी माझ्या पुढे ठेवू? उतारावर? माझा जीव तुझ्या हातात देऊ?"

"इतकी वर्षं होताच ना माझ्या हातात?"

"तेव्हा तू वेगळा होतास."

घरघर चालूच होती. तीच बारक्याला सहन होईना. या माणसाने निदान पाय तरी थांबवावेत. त्याने पुढे होऊन दाजीच्या हँडलचा ब्रेक करकचून दाबला. सायकल रोलरवरून उडाली आणि दाजी कपड्यांच्या स्टँडमध्ये जाऊन पडला. कोपर फुटलं. ओल्या चादरीवर रक्त पसरलं. ताई धावत आली, नवऱ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं.

"चालता हो," ती म्हणाली. "या घरात परत पाय ठेवू नकोस."

"ठेवत नाही."

ज्या टीमने त्याला घेतलं ती दाजीच्या टीमची जुनी वैरी होती. तिची मॅनेजर एक बाई होती. स्वतः शर्यती मारलेली, एका गुडघ्यात सळई बसवलेली. सगळे तिला मॅडम म्हणत. गोदामात टायरच्या खोक्यांमध्ये एक टेबल टाकून तिने ऑफिस थाटलं होतं.

"जिंकू शकशील?" मॅडमने विचारलं.

"माहीत नाही. कधी करून बघितलं नाही."

"मग मी तुला कशाला घेऊ?"

"तो जिंकणार नाही एवढं मी बघू शकतो."

मॅडमने पेन्सिल टेबलावर ठेवली. "खरं सांगू? मला हे आवडलेलं नाही," ती म्हणाली. "पण माझ्या पोरांना याचा उपयोग आहे."

आणि बारक्या दाजीच्या चाकाला लागला.

करायचं काहीच नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. दाजी जिथे जाईल तिथे जायचं. दाजी घोळक्याच्या डावीकडे, हा डावीकडे. दाजी मागे राहिला की हा मागे. आणि नाक ओढल्याचा आवाज आला की, दुसऱ्या कुणाला कळायच्या आत, हा सीटवरून उठलेला असायचा. दाजी चार-पाच जणांना घेऊन पुढे निसटला तरी त्यात बारक्या असायचाच. बाकीचे आळीपाळीने वारा कापायचे आणि हा शेवटी बसून राहायचा, एकदाही पुढे यायचा नाही. फुकट्याला ओढत न्यायला कुणालाच आवडत नाही. ते दाजीवर चिडायचे.

"तुझ्या मेहुण्याला आवर, नाहीतर आम्ही थांबतो."

"माझं ऐकतो का तो?"

"मग तूच मागे जा. तू गेलास की तोही जाईल."

ते थांबायचे, मागचा घोळका येऊन सगळ्यांना गिळायचा, आणि शेवटी मॅडमचा कुणी ताज्या पायांचा गडी शर्यत मारायचा.

दाजीने सगळं करून बघितलं. रस्ताभर नागमोडी चालवली. अचानक ब्रेक मारले. कोपराने बरगडीत ढुशा दिल्या. एकदा एका लांबलचक सपाट रस्त्यावर त्याने चालत्या सायकलवरून लघवी केली. तशी सगळेच करतात, पण मागच्याला सांगून आणि वाऱ्याची दिशा बघून. दाजीनेही वाऱ्याची दिशा बघितली होती. बारक्याने हातमोज्याने तोंड पुसलं आणि जागा सोडली नाही.

पेपरवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं, जळू. ते लोकांना फार आवडलं. दाजी लोकांचा लाडका होता, चढावर एकटा सुटणारा, दात विचकून लढणारा. त्याला अडवणारा हा कोण? घाटातल्या वळणांवर लोक मिठाच्या पुड्या घेऊन उभे राहू लागले. बारक्या आला की मूठभर मीठ तोंडावर. घामात मीठ, डोळ्यांत मीठ. एकदा एका म्हाताऱ्या बाईने नातवाला कडेवर उचलून त्याच्या हातून मीठ टाकवलं आणि वर टाळ्या वाजवल्या. बारक्या डोळे मिटून, समोरच्या चेनच्या आवाजावर, ते अख्खं वळण चढला.

दोन हंगामांत दाजीने एकही मोठी शर्यत मारली नाही. दुसऱ्या वर्षी त्याच्या टीमने नेतेपद दुसऱ्याला दिलं. बारक्यालाही एकही शर्यत मिळाली नाही, पण त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. त्याची झोप छान होती, भूक छान होती. सकाळी उठल्यावर आज काय करायचं हे त्याला नेमकं माहीत असायचं. आयुष्यात इतकं सरळ त्याला कधी वाटलं नव्हतं.

आईचा फोन यायचा. "दुकानात लोक विचारतात, तुमचा मुलगा नि जावई एकमेकांचं तोंड बघत नाहीत म्हणे."

"खोटं आहे. मी त्याचं तोंड बघतच नाही. पाठ बघतो, रोज."

"बारक्या, मी हसत नाहीये."

ताई मात्र फोन करून थांबली नाही. एका शर्यतीच्या सकाळी ती थेट टीमच्या हॉटेलवर आली. बारक्या गाड्यांच्या मधल्या जागेत बसून बुटांच्या पट्ट्या नीट करत होता.

"थांबव हे," ती म्हणाली.

"काय थांबवू? मी सायकल चालवतो."

"तू सायकल चालवत नाहीस. तू डूख धरून बसलायस. त्याच्या पोटावर पाय देतोस ना, त्याच पोटावर माझंही घर चालतं."

"माझ्या पोटावर पाय दिला तेव्हा तू भाजी चिरत होतीस."

ताईने त्याच्या कानाखाली मारली. पलीकडे पंप घेऊन उभा असलेला मेकॅनिक गाडीमागे सरकला. बारक्याने दुसरा बूट घातला, उठला आणि निघून गेला. त्या दिवशी त्याने फोनमध्ये ताईचा नंबर बंद करून टाकला.

मग देशाच्या अजिंक्यपदाची शर्यत आली. एकाच दिवसाची. ती जिंकणारा वर्षभर देशाच्या रंगांची जर्सी घालतो, म्हणून तिच्यासाठी लोक हाडं मोडून घेतात. दाजीचं वय झालं होतं, ही त्याची शेवटची संधी आहे असं सगळे म्हणत होते. सकाळी मॅडमने बारक्याला गाडीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"आज तू मोकळा आहेस. या वर्षी तुझ्याइतके चांगले पाय माझ्याकडे कुणाचेच नाहीत. दोन वर्षं सावलीत बसून वाचवलेत तू ते. आज स्वतःसाठी चालव. कळतंय का मी काय म्हणते?"

"हो."

"कळतंय की नुसतं हो म्हणतोस?"

"कळतंय, मॅडम."

उकाड्याचा दिवस होता. शहराभोवती त्याच रस्त्यावर फेऱ्या मारायच्या होत्या. अर्धे लोक दुपारपर्यंतच गळाले. शेवटून दुसऱ्या फेरीत, पुलाच्या चढावर, बारक्याला तो आवाज आला. दाजी उठला, बारक्या उठला, आणि वर पोचेपर्यंत मागे कुणी नव्हतं. दाजी वेड्यासारखा ओढत होता. मागच्यांचं अंतर वाढत गेलं.

"आता पुढे ये!" मॅडमचा आवाज कानात आला. "आळीपाळीने ओढा. दोघांनी मिळून ओढलंत तर मागचे येत नाहीत. आणि रेषेवर तू त्याला आरामात खाशील!"

बारक्यालाही ते दिसत होतं. दाजीचे खांदे डुगडुगायला लागले होते, गुडघे बाहेर पडत होते. स्वतःचे पाय त्याला जाणवतसुद्धा नव्हते, इतके हलके होते. तो जागेवरून हलला नाही.

शेवटच्या फेरीत कारखान्याच्या लांब भिंतीशेजारी दाजीने पायडल मारणं थांबवलं. बारक्यानेही थांबवलं. सायकली मंदावत मंदावत चालण्याच्या वेगावर आल्या. कॅमेऱ्याची मोटरसायकल पुढे निघून गेली आणि गोंधळून परत वळली. लोक शिट्ट्या मारू लागले.

"काय पाहिजे तुला?" दाजीने मान वळवून विचारलं. त्याच्या ओठांवर पांढरी खपली धरली होती.

"काही नाही."

"जिंकायचंय? जा मग. मी मागून येतो, रेषेवर जोर लावणार नाही. तू जा."

"हे मी ऐकलंय आधी."

"या वेळी खरं बोलतोय."

"तेव्हाही खरंच बोलत होतास."

"कुणाची शपथ घेऊ?"

"घेऊ नकोस."

"बारक्या, मागे बघ जरा."

बारक्याने बघितलं. सरळ रस्त्याच्या टोकाला घोळका दिसायला लागला होता, रंगीबेरंगी, उन्हात हलणारा. कानात मॅडम किंचाळत होती, "जा पुढे! गाढवा, जा ना पुढे!" बारक्याने वायरलेस कानातून उपटला.

मग त्याने एकदा पाय दाबला. खरंच दाबला. सायकल झरकन दाजीच्या शेजारी आली, अर्धं चाक पुढेसुद्धा गेली. समोरचा रस्ता रिकामा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर कुणाची पाठ नव्हती, आणि तोंडावर सगळा वारा आला. आता फक्त डोकं खाली घालायचं होतं. पण डोकं खाली घातलं की हा माणूस मागे राहणार. रेषेपर्यंत मागे राहणार, आणि आपण प्रत्येक श्वासाला कान देत बसणार. बारक्याच्या मानेवर काटा आला. त्याला सगळं जमलं असतं, त्या माणसाला पाठ देणं जमलं नाही. त्याचे पाय थांबले. तो मागे सरकला आणि पुन्हा दाजीच्या चाकाला लागला.

दाजी काहीतरी पुटपुटला, शिवी होती की आणखी काही ते बारक्याला ऐकू आलं नाही. थोड्याच वेळात घोळका त्यांच्यावरून गेला.

शर्यत कुठल्याशा छोट्या टीमच्या पोराने मारली. निवेदकाला त्याचं नाव नीट उच्चारता येईना. दाजी तिसाव्या नंबराच्याही मागे कुठेतरी आला. बारक्या त्याच्या लगेच मागे.

मॅडम गाडीला टेकून उभी होती.

"चावी दे खोलीची. सामान काढून ठेव."

"मॅडम, तो हरला."

"तो पुलावरच हरला होता! तू जिंकत होतास. मी बघत होते गाडीतून. तू जिंकत होतास आणि तुला ते नको होतं." तिचा आवाज फाटला. तिने पाण्याची बाटली त्याच्या पायाशी आपटली. "मीच तुला असा वापरला, ते मी भोगेन. पण माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस."

त्या हिवाळ्यात दाजीने शर्यती सोडल्या. टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्याने जळूबद्दल विचारलं. दाजी म्हणाला, "कोण?" आणि दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसला. बारक्याने ते आईच्या घरी, आईच्या शेजारी बसून बघितलं. आईने टीव्ही बंद केला.

बारक्याला दूरच्या, समुद्राकाठच्या एका टीमने घेतलं. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि वारा कधी थांबत नव्हता. तो पुन्हा बाटल्या आणू लागला, परक्यांसाठी पुढे राहून वारा खाऊ लागला. पण मागे कुणी जोरात श्वास घेतला की तो दचकायचा, हँडल हलायचं, आणि मागच्यांच्या शिव्या खायचा. पावसाळी हवेत एक लहानशी शर्यत त्याने जिंकली. सगळ्यांना वाटलं होतं पुढे अजून कुणीतरी आहे, म्हणून कुणी पाठलागच केला नाही. त्यालाही तसंच वाटलं होतं. तीच त्याची एकुलती एक. मग गुडघ्याने दगा दिला आणि तो परतला, आईच्या घराजवळ एक खोली घेतली. एका सायकलच्या दुकानात कामाला लागला.

दाजीशी त्याची गाठ पडली ती आईमुळे. आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून तिला घरी आणलं त्या दिवशी नेमकी इमारतीची लिफ्ट बंद. ॲम्ब्युलन्सवाला तिला खाली खुर्चीत बसवून निघून गेला. ताईने आईच्या फोनवरून बारक्याला बोलावलं, कारण तिच्या फोनवरून तो लागतच नव्हता. बारक्या आला तर खुर्चीची एक बाजू धरून दाजी उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बारक्याने दुसरी बाजू धरली.

"वाकडी करू नकोस."

"भिंत आहे या बाजूला. दिसत नाही?"

"उचल जरा."

"उचललंय. तूच खाली सोडतोयस."

"काय मेली ती तुमची तालीम!" आई खुर्चीचे हात गच्च धरून म्हणाली. "पाय बघावेत तर खांबासारखे, आणि दंड म्हणजे नुसत्या काड्या. पाडा मला, पाडा. दुसरा खुबा अजून शाबूत आहे."

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोघांचे हात थरथरत होते. आईला पलंगावर झोपवलं. दाजी लगेच बाहेर निघून गेला. बारक्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला, तर ताई मागोमाग आली.

"त्या दिवशी तो खरंच तुला सोडणार होता," ती म्हणाली. "देशाच्या शर्यतीत. मी सकाळी त्याच्याशी भांडले होते. म्हटलं, तुम्ही दोघंच उरलात तर त्याला जाऊ दे, नाहीतर घरी येऊ नकोस. तो हो म्हणाला होता."

बारक्याने पेला खाली ठेवला. "मला का नाही सांगितलंस?"

"फोन उचलतोस तू माझा?"

त्याने पेला विसळून पालथा घातला. मग म्हणाला, "तू त्याची बायको आहेस. दुसरं काय सांगणार?"

"मी तुझी बहीण नाही?"

"हुकावरचं नाव बदललं तेव्हा कोण होतीस?"

ताईचा चेहरा उतरला. तिने ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, पुन्हा तिथेच ठेवलं. "नको ठेवूस विश्वास," ती म्हणाली. "मरा दोघंही."

बारक्या निघाला. दाजी खालच्या मजल्याच्या पायरीवर बसला होता, कंबर धरून, जिना अडवून.

"सरक," बारक्या म्हणाला.

दाजीने गुडघे बाजूला घेतले, अंग चोरून एक माणूस जाईल इतपतच. बारक्या भिंतीला घासून खाली गेला.

आईने मग दोघांच्या वेळा ठरवून दिल्या. जावयाने सकाळी यायचं, औषधं द्यायची, हात धरून खोलीभर चालवायचं. मुलाने संध्याकाळी यायचं आणि तेच करायचं. जिन्यात गाठ पडायला नको. कुणी काही विसरलं की ती दुसऱ्याला सांगते, "तो बघ कसा वेळेवर येतो," आणि दुसरा दुसऱ्या दिवशी लवकर येतो. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत कधीच उलटून गेली. आई अजून काठी घेऊनच चालते, दोन पावलं टाकली की दमते. दुपारी घरात कुणी नसताना ती काठीशिवाय गॅलरीत कपडे वाळत घालते, असं शेजारीण म्हणाली. ताईने ते भावालाही सांगितलं नाही आणि नवऱ्यालाही.